केझिकचा आठवडा पक्का, जादाच्या तीन-चार रात्री कुठे जोडाव्यात? (ब्रिटन, गाडी न चालवता)

पिशवीभर

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिक गावी चालण्याच्या सहलीचं पॅकेज ठरलं आहे. शनिवार १३ जून ते शनिवार २० जून, सात रात्री, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. माणसं चार: आम्ही दोघं आणि सासू-सासरे. सासरे ६८, सासूबाई ६४, दोघंही टेकडी चढणारे आहेत पण रोज नाही. गाडी कुणीही चालवणार नाही, हे पक्कं. विमान मुंबई-हीथ्रो, पॅकेजच्या तारखा पक्क्या आहेत, विमानाच्या अजून नाहीत.

इतक्या लांब जातोय तर आणखी तीन, फार तर चार रात्री जोडाव्यात असं ठरलंय. त्या आधी जोडाव्यात, नंतर जोडाव्यात की पॅकेज संपल्यावर त्याच घरात राहावं? रेल्वेची तिकिटं आत्ताच काढून टाकावीत का? मोठ्या बॅगांचं काय करायचं? लंडन आधी पाहिलेलं आहे, त्यामुळे तिथे तीन दिवस घालवायची घाई नाही.

वेळापत्रक

पहिल्यांदा वार बघा, मग नकाशा.

तुमचं पॅकेज शनिवारी संपतं. नंतर एकच रात्र जोडलीत तर निघायचा दिवस रविवार येतो, आणि ब्रिटनमध्ये गाडीशिवाय फिरणाऱ्याला सगळ्यात अडचणीचा वार तोच. रुळांची मोठी कामं शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, काढतात. लंडन यूस्टनहून उत्तरेला जाणाऱ्या वेस्ट कोस्ट मार्गावर तर रविवारी अर्धी वाट बसने, नाहीतर दोन तास जास्त, हे नेहमीचं. कधी कामं त्याहून मोठी निघतात: जानेवारी २०२६ मध्ये पेनरिथजवळ क्लिफ्टनचा पूल बदलण्यासाठी प्रेस्टन ते कार्लाइल मार्ग दोन आठवडे बंद होता. केझिकहून पेनरिथ स्टेशनला नेणाऱ्या एक्स ४ / एक्स ५ बसच्या फेऱ्याही रविवारी कमी होतात. म्हणजे वाढवलेली रात्र राहण्यात जाते आणि दुसरा अख्खा दिवस प्रवासात.

म्हणून हिशोब असा. एकच रात्र वाढवायची तर आधी वाढवा. नंतर वाढवायच्या तर दोन, म्हणजे निघायला सोमवार मिळतो. रविवारची रात्र बहुतेक ठिकाणी आठवड्यातली स्वस्त रात्र असते, हा वरचा फायदा. उलट नुसती शनिवारची एक रात्र लेक डिस्ट्रिक्टमध्ये मागून बघा: जूनमध्ये बहुतेक छोटी गेस्टहाउसं शुक्रवार-शनिवार अशा किमान दोन रात्री घेतल्याशिवाय खोली देत नाहीत. बँक हॉलिडेला तीन. तुमच्या तारखांना बँक हॉलिडे नाही, मेच्या शेवटच्या सोमवारी होऊन गेलेला असेल.

आणि पहिली रात्र लंडनमध्ये ठेवाच, लंडन पाहिलेलं असलं तरी. कारण पर्यटन नाही, विमान. मुंबईहून येणारं विमान तीन तास उशिरा आलं तर तुमचं ठरल्या गाडीचं ॲडव्हान्स तिकीट वाया जातं. विमानाच्या उशिराशी रेल्वेला काही घेणंदेणं नसतं. हॉटेल यूस्टन किंवा किंग्ज क्रॉसच्या चालत्या अंतरात घ्या. हीथ्रोहून पिकॅडिली लाइन थेट किंग्ज क्रॉसला जाते, तिथून यूस्टन पायी दहा-बारा मिनिटं.

चहाबाज

वरच्या प्रतिसादाला +१, पण 'त्याच घरात राहावं का' याचं उत्तर राहिलं.

पॅकेजवाल्यांना विचारायलाच हवं, आणि लगेच. असे आयोजक बहुतेकदा सुरुवातीला किंवा शेवटी रात्र वाढवून देतात. मात्र विचारताना चार गोष्टी लेखी घ्या. एक, वाढीव रात्रीचा दर माणशी आहे की खोलीमागे. ब्रिटनमध्ये दोन्ही पद्धती चालतात आणि चार माणसांत फरक मोठा पडतो. दोन, त्यात रात्रीचं जेवण आणि वाटाड्याबरोबरचं चालणं धरलंय का. बहुधा नुसता नाश्ता असतो. तीन, खोली तीच राहणार की शनिवारी दहा वाजता सामान बाहेर काढून चार वाजता दुसऱ्या खोलीत जायचं. शनिवार हा त्यांचा बदलीचा दिवस, नवी मंडळी त्याच दिवशी येतात, त्यामुळे हे हमखास होतं. चार, ही रात्र मूळ करारात जोडली जाते की वेगळं बुकिंग धरलं जातं.

चौथा मुद्दा वकिली वाटेल, पण तो पैशाचा आहे. ब्रिटनमध्ये पॅकेज ट्रॅव्हल रेग्युलेशन्स २०१८ खाली आयोजक बुडाला तर पॅकेजचे पैसे सुरक्षित असतात. तुम्ही स्वतः वेगळ्या संकेतस्थळावरून घेतलेली रात्र त्या छत्रीखाली येत नाही. पॅकेजची तारीख आयोजकाने हलवली तर तुमची बाहेरची खोली तुमच्याच गळ्यात. म्हणून बाहेरची खोली घ्याल ती रद्द करता येणारीच घ्या, दहा-पंधरा टक्के महाग पडली तरी.

पाऊलवाट

तिकिटांबद्दल. इथे चूक झाली की वाढवलेली रात्र खोलीपेक्षा महाग पडते.

तुमच्या कामाचे प्रकार दोन.

ॲडव्हान्स: एकेरीच मिळतं, ठरलेली तारीख, ठरलेली गाडी. स्वस्त. साधारण आठ ते बारा आठवडे आधी विक्री सुरू होते. शनिवार-रविवारच्या गाड्यांची मागाहून सुटतात, कारण कामांचं वेळापत्रक आधी पक्कं व्हावं लागतं. पैसे परत मिळत नाहीत. तारीख किंवा गाडी बदलता येते, पण गाडी सुटायच्या आधी, आणि बदलाचं शुल्क अधिक भाड्यातला फरक भरून. मधल्या स्टेशनावर उतरून मुक्काम करणं चालत नाही. अलीकडच्या स्टेशनावर उतरणं किंवा पुढच्या स्टेशनावर चढणंही नियमाबाहेर.

ऑफ-पीक रिटर्न: जायचा भाग तिकिटावरच्या तारखेलाच चालतो, पण यायचा भाग साधारण एक महिना चालतो, गाडीचं बंधन नाही, फक्त गर्दीच्या वेळा टाळायच्या. आणि येताना मध्ये उतरून रात्र काढून दुसऱ्या दिवशी पुढे जाता येतं, तिकिटावर तशी मनाई छापलेली नसेल तर. जादाच्या रात्री जोडणाऱ्यांसाठी हे तिकीट आहे. १३ जूनला गेलात तर परतीला १२ जुलैपर्यंत मुभा. रात्र एक वाढवा नाहीतर तीन, तिकिटाला एक पैसा लागत नाही.

यातली खुबी: तिकीट पेनरिथचं न काढता कार्लाइलचं काढा. कार्लाइल हे पेनरिथच्या पुढचं स्टेशन, गाडीने पंधरा-वीस मिनिटं. जाताना पेनरिथला उतरायचं, बाकीचं सोडून द्यायचं. परतीला कार्लाइलहून किंवा पेनरिथहून, कुठूनही बसता येतं. पेनरिथ ते कार्लाइल हा तुकडा नंतर करायचा असेल तर त्याचं छोटं एकेरी तिकीट वेगळं, कारण जायचा भाग त्या दिवशीच संपला. फाटक तिकीट घेत नसेल तर शेजारी उभ्या माणसाला दाखवायचं, ते नेहमीचंच आहे.

लिंबूटिंबू

मग जातानाचं ॲडव्हान्स काढावं, कारण १३ तारीख पक्की आहे, आणि येताना ऑफ-पीक एकेरी. दोन्हींचा फायदा!

पाऊलवाट

@लिंबूटिंबू, कागदावर छान दिसतं, पण खिडकीवर फसतं. बऱ्याच लांब मार्गांवर ऑफ-पीक एकेरी आणि ऑफ-पीक रिटर्न यांच्या भाड्यात जेमतेम एक पौंडाचा फरक असतो. म्हणजे एकेरी घेणारा जवळजवळ परतीचंच भाडं भरतो आणि वर ॲडव्हान्सचे पैसे. म्हणून निवड दोनच: तारखा पक्क्या असतील तर दोन ॲडव्हान्स, नसतील तर एक ऑफ-पीक रिटर्न. मधलं काही नाही.

ॲडव्हान्सवर मुक्काम जोडायचाच असेल तर तिकीटच तोडायचं. उदाहरणार्थ, पेनरिथ ते लँकेस्टर एक, दुसऱ्या दिवशीचं लँकेस्टर ते लंडन दुसरं.

अपवाद लक्षात ठेवा: हे सगळं यूस्टनच्या मार्गाबद्दल. किंग्ज क्रॉसहून एडिनबराला जाणाऱ्या एलएनईआर या रेल्वे कंपनीने परतीची तिकिटं काढून टाकून एकेरीवर आधारलेली पद्धत आणली आहे. तिथे 'महिनाभर चालणारी परती' हा आधारच नाही.

पिशवीभर

खूप उपयोगी, धन्यवाद. कार्लाइलची युक्ती आम्हाला सुचलीच नसती.

दोन उपप्रश्न. ज्येष्ठांना तिकडे बस फुकट असते असं ऐकलंय, ते सासू-सासऱ्यांना मिळेल का? आणि ब्रिटरेल पास घेतला तर हा सगळा तिकिटांचा गुंता सुटतो का?

वेळापत्रक

फुकट बसचा पास तिथल्या रहिवाशांसाठी. भारतातून गेलेल्यांना नाही, वय काहीही असो. पण नाराज होऊ नका: इंग्लंडमध्ये बसच्या एकेरी भाड्यावर ३ पौंडांची मर्यादा आहे, मार्च २०२७ पर्यंत जाहीर झालेली, आणि ती सगळ्यांना लागू. स्कॉटलंड-वेल्समध्ये ही मर्यादा नाही. ती एका बसला आहे हे विसरू नका. बस बदलली की पुन्हा ३ पौंड. दिवसात तीनहून जास्त वेळा चढणार असाल तर चालकाकडे दिवसभराच्या तिकिटाचा दर आधी विचारा.

रेल्वेचं मात्र वेगळं. सीनियर रेलकार्ड ६० वर्षांवरील कुणालाही मिळतं, पासपोर्टवर. किंमत ३५ पौंड, वर्षभर चालतं, तिकिटात एक तृतीयांश सूट. तुम्हा दोघांसाठी टू टुगेदर: दोघांत मिळून ३५ पौंडांचं एकच कार्ड, पण दोन अटी. कार्डावरची दोन्ही माणसं पूर्ण प्रवासात बरोबर हवीत, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. सासू-सासऱ्यांनाही टू टुगेदरच घ्या, दोन सीनियर कार्डांपेक्षा ३५ पौंड वाचतात. ते दोघं कुठे वेगवेगळे प्रवास करणार असतील तरच सीनियर.

कार्ड तिकिटाच्या आधी काढायचं आणि प्रवासात जवळ ठेवायचं. सवलतीचं तिकीट आहे पण कार्ड घरी किंवा फोनची बॅटरी संपलेली, तर तपासनीस तिकीट नसल्यासारखं वागवू शकतो. चार्जर-पॉवर बँक हँडबॅगेत.

ब्रिटरेल पास: फ्लेक्सी प्रकारात एका महिन्यात २, ३, ४, ८ किंवा १५ दिवस प्रवासाचे मिळतात. तुमच्या सहलीत लांब गाडीचे दिवस दोनच, फार तर तीन. केझिकचा आठवडा सगळा बस, नाव आणि पायी, तिथे रेल्वेच नाही. तेव्हा पासाचे दर आणि दोन ॲडव्हान्सचे दर शेजारी मांडून बघा. तुमच्यासाठी पास महागच पडेल. रोज नव्या शहरात जाणाऱ्याचं ते काम.

काठी_न_घोंगडं

सगळे स्टेशनांभोवती का घिरट्या घालताय? डोंगरात जाताय तर जादाच्या रात्री डोंगरातच काढा की. बॉरोडेलच्या दरीत, सीटोलर किंवा रॉस्थवेटला दोन रात्री. केझिकहून ७८ नंबरची बस थेट जाते, अर्धा तास.

चहाबाज

जागा म्हणून बिनतोड. गाडी नसलेल्या चार माणसांची शेवटची रात्र म्हणून चुकीची.

दरीतून परत यायची शेवटची बस संध्याकाळी लवकर असते. रॉस्थवेटहून सकाळी ७८ ने केझिक, तिथून एक्स ५ ने पेनरिथ, तिथून गाडी: तीन दुवे. पहिला चुकला की पुढचे दोन्ही गेले, आणि बस चुकल्याने गेलेलं ॲडव्हान्स तिकीट रेल्वे भरून देत नाही. रेल्वेतून रेल्वेत जाताना पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर पुढच्या गाडीत बसू देतात. बसपासून सुरू झालेल्या साखळीला ते कवच नाही. शिवाय तिथे जेवायच्या जागा मोजून दोन-तीन, स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद. एकाच पबमध्ये जागा नसली तर रात्री चिप्सची पुडी.

आणि पाऊस. शेजारचं सीथवेट हे इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त पावसाचं वस्तीचं गाव, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरवाल्यांना हसू येईल, पण तिकडे तो बारा महिने पडतो. केझिकमध्ये पावसाचा दिवस संग्रहालयात, नावेत, चहाच्या दुकानात काढता येतो. सीटोलरला खिडकीत.

बॉरोडेल बघायचंच आहे तर केझिकच्या आठवड्यात एक दिवस द्या. ७८ ने वर जा, पायी उतरत या, लोडोरला धक्क्यावरून डर्वेंटवॉटरची नाव पकडून केझिक. सासू-सासऱ्यांना त्या दिवशी चालायचं नसेल तर नावेची पूर्ण फेरी पन्नास मिनिटांची आहे. तुम्ही हॉझ एंडला उतरून कॅटबेल्स (४५१ मीटर) चढा. ती चढण दिसते त्यापेक्षा हाताचा आधार मागणारी आहे, शेवटच्या टप्प्यात खडकावर.

काठी_न_घोंगडं

@चहाबाज, तीन दुव्यांचं मान्य. मग ॲम्बलसाइड किंवा ग्रासमिअर? तिथे ५५५ बस रात्रीपर्यंत आहे आणि विंडरमिअरला रेल्वेही आहे.

चहाबाज

हो, दरीतच राहायचं तर ते बरं. केझिक ते विंडरमिअर ५५५ ला साधारण तास. विंडरमिअर स्टेशनहून छोट्या फाट्याने ऑक्सनहोम, वीस मिनिटं, तिथून यूस्टनची गाडी. फक्त जूनमधल्या शनिवारी दुपारी चार मोठ्या बॅगा घेऊन ५५५ मध्ये चढायची कल्पना करा. बस दुमजली, सामानाची जागा पायरीमागे एवढीशी, तिच्यावर बाबागाडीचा हक्क पहिला. भरली तर चालक पुढच्या बसने या म्हणतो. सामान वाहून नेणारी व्हॅन सांगून ठेवा: सकाळी नाश्त्याच्या वेळेला बॅग स्वागतकक्षात ठेवायची, दुपारी चारच्या सुमारास पुढच्या मुक्कामी. वजनाची मर्यादा साधारण वीस किलोच्या आसपास, त्यामुळे विमानातली २३ किलोची बॅग तशीच देऊ नका.

उत्तरेचा वारा

जादाच्या रात्रींसाठी कार्लाइलचं नाव तिकिटाच्या युक्तीत आलं आणि तिथेच राहिलं. त्या शहराला कुणी मुक्कामाला जात नाही, म्हणूनच खोल्या मिळतात. स्टेशनच्या दारात हॉटेलं, किल्ला आणि कॅथेड्रल पायी. पण खरा मुद्दा हा की तिथून पाच दिशांना रूळ जातात.

सेटल-कार्लाइल मार्ग: १८७६ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला, पेनाइन डोंगर आडवे कापत जातो. रिबलहेडचा २४ कमानींचा पूल, आणि साडेतीनशे मीटर उंचीवरचं डेंट स्टेशन, इंग्लंडच्या मुख्य मार्गांवरचं सर्वांत उंच. रिबलहेडला उतरलात तर पूल स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालत. मात्र डेंटला 'गाव बघू' म्हणून उतरू नका. गाव स्टेशनपासून सहा-सात किलोमीटर खाली आहे, हे पाटी वाचून कळत नाही.

हेड्रियनची भिंत, रोमनांनी बांधलेली: कार्लाइलहून न्यूकॅसलच्या गाडीने हॉल्टव्हिसल, अर्धा-पाऊण तास. तिथून एडी १२२ बस, नंबर भिंतीच्या बांधकामाच्या सालावरून ठेवलाय. तुमच्या चौघांसाठी ही बस अगदी मापात बसते. तुम्ही दोघं 'द सिल' या पर्यटक केंद्राला उतरा, भिंतीच्या कडेने पूर्वेला हाउसस्टेड्सच्या किल्ल्यापर्यंत चाला, पाचेक किलोमीटर, पण वर-खाली दगडी पायऱ्या बऱ्याच. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणीतरी तोडलेलं सिकॅमोर गॅपचं झाड याच वाटेवर होतं. सासू-सासऱ्यांना त्याच बसने व्हिंडोलांडाला सोडा. उत्खनन आणि संग्रहालय, चढण बेताची, चहाची सोय, आणि पाऊस आला तर छत. मग हाउसस्टेड्सला नाहीतर हॉल्टव्हिसलला भेटायचं. तिथे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा कुठली बस पकडायची ते सकाळीच ठरवा. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, छापून किंवा फोटो काढून ठेवा.

२१ जूनला तिथे सूर्य पावणेदहाच्या पुढे मावळतो. दिवस संपता संपत नाही, बसेस मात्र संपतात.

लिंबूटिंबू

कार्लाइलपर्यंत गेलेच आहेत तर एडिनबरा? दीड तासावर आहे की!

उत्तरेचा वारा

जा की, पण शनिवारची रात्र टाळा. तिथे शनिवारचे दर वेगळ्याच जगातले असतात. २४ जुलै २०२६ पासून तिथे मुक्कामावर ५ टक्के पर्यटक आकार लागतो, सलग पहिल्या पाच रात्रींपर्यंत. पिशवीभर यांच्या तारखा त्याआधीच्या आहेत. ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी मात्र तो धरूनच हिशोब करावा. एडिनबरा धरायचं असेल तर परतीचं विमान तिथूनच पकडा, परत लंडनला उतरत येऊ नका. एका शहरात उतरून दुसऱ्यातून निघायचं तिकीट आखाती विमान कंपन्यांकडे सहज मिळतं. तसंच मँचेस्टरचंही: पेनरिथहून मँचेस्टर विमानतळाला थेट गाड्या आहेत, साधारण दोन तास. ज्यांना लंडनशी काम नाही त्यांची एक अख्खी रात्र वाचते.

स्लेटपाटी

बॅगा आणि खोल्यांबद्दल, कारण ज्येष्ठ बरोबर आहेत.

केझिकची गेस्टहाउसं म्हणजे व्हिक्टोरियन काळची उंच, अरुंद दगडी घरं. तीन मजले आणि माळा, लिफ्ट नाही, जिने वळणाचे. वाढवलेल्या रात्रीला शिल्लक राहिलेली खोली हमखास माळ्यावरची असते. बुकिंग करताना 'तळमजला किंवा पहिला मजला' लिहून घ्या. 'डबल' म्हणजे एकच मोठी गादी. वेगळे पलंग हवे असतील तर 'ट्विन' म्हणा.

खोली तीन-चारच्या आधी मिळत नाही आणि दहा-अकराला सोडावी लागते. मधले पाच तास बॅगा कुठे? यूस्टनला सामान ठेवायची सोय आहे, पैसे देऊन. पेनरिथ, ऑक्सनहोमला नाही. तेव्हा शेवटच्या दिवशी बॅगा मुक्कामाच्याच जागी ठेवायला सांगा आणि आपण फिरून या. नकार सहसा मिळत नाही, पण आधी विचारलेलं बरं.

रविवारी मोठी दुकानं कायद्याने सहाच तास उघडी असतात, साधारण दहा ते चार किंवा अकरा ते पाच. कार्लाइलला रविवार काढणार असाल तर दही-फळं-पाव दुपारीच घेऊन ठेवा. केझिकमध्ये बस सुटतात तिथेच बूथ्सचं सुपरमार्केट आहे, शनिवारी निघताना शिदोरी तिथून भरून घेता येते. पबमध्ये रविवारी दुपारी रोस्टची गर्दी आणि संध्याकाळी बऱ्याचदा स्वयंपाकघर बंद. शाकाहारी मंडळींनी शनिवारीच जागा राखून ठेवावी.

पिशवीभर

सगळं वाचून असा आराखडा केलाय. चुका काढा.

गुरुवार ११ आणि शुक्रवार १२ जून लंडन, यूस्टनजवळ. शनिवार १३ ला पेनरिथ, एक्स ५ ने केझिक. २० ला कार्लाइल, तिथे शनिवार-रविवारच्या दोन रात्री. रविवारी भिंत किंवा रिबलहेड, दोन्हीपैकी एक. सोमवार २२ ला सकाळच्या गाडीने लंडन, त्याच रात्रीच्या विमानाने मुंबई. चार जादा रात्री. ऑफ-पीक रिटर्न कार्लाइलचं, दोन टू टुगेदर कार्डांवर.

वेळापत्रक

शेवटचा दिवस बदला. कार्लाइल-यूस्टन साडेतीन तास धरले, हीथ्रोपर्यंत आणखी सव्वा-दीड तास, विमानाच्या तीन तास आधी पोहोचायचं. कागदावर बसतं, पण गाडीला दोन तास उशीर झाला की विमान गेलं. उशिराबद्दल रेल्वे डिले रिपेमध्ये तिकिटाचे पैसे देते, विमानाचे नाही. सोमवारी सकाळी टू टुगेदर साडेनऊच्या आधी चालत नाही, म्हणजे 'सकाळची गाडी' तशीही साडेनऊनंतरची.

लंडनची पहिली एक रात्र काढा आणि शेवटी लावा. शुक्रवार १२ ला सकाळी उतरणारं विमान घ्या, एक रात्र लंडन. शेवटी सोमवार २२ ची रात्र लंडन, मंगळवारी २३ ला विमान. रात्री तेवढ्याच चार.

प्रवास विमा २३ पर्यंतचा काढा, किंबहुना एक-दोन दिवस पुढचा. वाढवून घ्यायची वेळ आली तर मुदत संपायच्या आत सांगावं लागतं. व्हिसाची चिंता नाही. साध्या व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, चार दिवस पुढे-मागे झाल्याने काही बिघडत नाही.

उत्तरेचा वारा

आणि शेवट असा बदललात तर 'भिंत किंवा रिबलहेड' यात निवड करायचीच गरज नाही. सोमवारी विमान नाही, दिवस मोकळा आहे. रविवारी भिंत करा. सोमवारी यूस्टनच्या गाडीने जाऊच नका: कार्लाइलहून सेटलमार्गे लीड्स, साधारण पावणेतीन तास, रिबलहेडचा पूल वाटेतच. लीड्सहून किंग्ज क्रॉस सव्वादोन तास. तुमचं हॉटेल किंग्ज क्रॉसच्या बाजूचंच असेल तर उतरून चालत खोलीवर.

पिशवीभर

मग ऑफ-पीक रिटर्नचं काय? ते यूस्टनचं आहे ना?

पाऊलवाट

मग ते काढूच नका. आता तुमच्या सगळ्या तारखा पक्क्या आहेत, म्हणजे ॲडव्हान्सची बाजू आली. यूस्टन-पेनरिथ ॲडव्हान्स १३ जूनचं. २० ला पेनरिथ-कार्लाइल साधं एकेरी, स्टेशनवरच काढा. २२ साठी कार्लाइल-लीड्स आणि लीड्स-किंग्ज क्रॉस अशी दोन. लीड्सला गाडी बदलायला पाऊण तास तरी ठेवा आणि दोन्ही तिकिटं एकाच वेळी, एकाच प्रवासात शोधून काढा. पहिली गाडी उशिरा आली तर दुसरीच्या ॲडव्हान्सला त्या ठरलेल्या प्रवासाचा कागदच आधार असतो. तो तपासनिसाला दाखवला की त्याच कंपनीच्या पुढच्या गाडीत बसता येतं. सोमवारची कार्लाइलची गाडी साडेनऊनंतरची बघा, कार्डामुळे. सेटलच्या गाड्या दिवसात मोजक्याच असतात, एक चुकली तर पुढची दीड-दोन तासांनी. कार्लाइलहून लीड्सकडे जाताना उजवीकडच्या खिडकीत बसा.

स्लेटपाटी

आणि पेनरिथला १३ तारखेला उतरल्यावर बस स्टेशनच्या आवारातच लागते, बाहेर शोधत जाऊ नका. चौघं आणि चार बॅगा असाल तर सात-आठ आसनी टॅक्सी आदल्या आठवड्यात सांगून ठेवा. शनिवारी दुपारी स्टेशनवर आयत्या वेळी मिळणारी टॅक्सी चार माणसांची असते, बॅगा धरून नव्हे.